नळ सोडल्यावर गरम पाणी हिशेबापेक्षा दीडपट उशिरा का येतं?

टूलरूमवाला, पुणे

मंडळी, प्रश्न न्हाणीघरातला आहे, पण उत्तर मला पुस्तकातलं हवंय. डिप्लोमा करून एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. माप चुकलं की झोप लागत नाही, त्यातलाच हा प्रकार समजा.

आमची चार मजली सोसायटी. गच्चीवर सोलरची टाकी, आमचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. टाकीपासून आमच्या नळापर्यंत पाऊण इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी) पाइप आहे, सगळा डक्टमधून उघडा उतरवलेला, भिंतीत कुठेच गाडलेला नाही. लांबी टेप लावून मोजली, २२ मीटर. पाइपवर निळा पट्टा आहे, म्हणजे मीडियम क्लास. आतला व्यास साधारण २१.७ मिलिमीटर धरला तर मीटरमागे ०.३७ लिटर पाणी, एकूण आठ लिटरच्या जरा वर. नळ पूर्ण सोडला की मिनिटाला सहा लिटर मिळतं (बादलीनं तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेवढंच). म्हणजे रात्रभर पाइपात बसलेलं गार पाणी ८१ सेकंदांत संपायला हवं, आणि बरोब्बर ८२व्या सेकंदाला कढत पाणी हातावर पडायला हवं.

पडत नाही. गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला डिजिटल थर्मामीटर नळाखाली धरून बसलो, नात मोबाइलवर सेकंद ओरडत होती. टाकीत ५५ अंश, पाइपातलं पाणी १८ अंश. ८१व्या सेकंदाला पाणी १८च. १००व्याला २२. दोन मिनिटांनी ३३. १४५व्या सेकंदाला ४६, तीन मिनिटांनी ५२, आणि पुढे ५३वर जाऊन थांबलं ते थांबलंच. तोवर बादली भरून वाहायला लागली होती आणि आमची ही दारातून म्हणाली, "आंघोळ करणार आहात की संशोधन?"

आता कामाचं. एक, वरचे चाळीस सेकंद कुठे गेले? दोन, गरम पाणी एकदम न येता असं हळूहळू चढत का येतं? तीन, कमिटीत ठराव आलाय की सगळ्या पाइपांना इन्सुलेशन गुंडाळा म्हणजे सकाळी गरम पाणी लवकर येईल. सेक्रेटरी मी, चेकवर सही माझी. खरंच लवकर येईल का?


चिपळूणकर_आठल्ये_नव्हे, चिपळूण

एअर लॉक आहे काका. आमच्याकडेही होता. वरच्या बेंडजवळ हवा अडकते. एअर व्हेंट बसवा, प्रश्न मिटला. इतकं गणित कशाला!


टूलरूमवाला, पुणे

हवा अडकली असती तर धार तुटक आली असती, निदान पहिल्या मिनिटाला कमी आली असती. पहिल्या लिटरला दहा सेकंद, बाराव्यालाही दहाच. पाणी वेळेवर येतंय हो. येत नाहीये ती ऊब.


नळी_आणि_कवच, वडोदरा

"पाणी वेळेवर येतंय, येत नाहीये ती ऊब." काका, उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत, मी फक्त आकडे घालते. हीट एक्स्चेंजरच्या (एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्रांच्या) डिझाइनमध्ये वीस वर्षं झाली, त्यामुळे हा प्रश्न बघून राहवलं नाही.

तुम्ही पाइपाची पोकळी मोजलीत, पाइप मोजायचा राहिला. पाऊण इंची मीडियम जीआयचं वजन मीटरमागे साधारण १.५७ किलो. एवढं पोलाद एक अंशानं तापवायला सुमारे ०.७७ किलोज्यूल लागतात. त्याच मीटरभर लांबीतल्या ०.३७ लिटर पाण्याला लागतात १.५५. म्हणजे पोलादाची उष्णतेची भूक पाण्याच्या बरोबर निम्मी. टाकीतून निघालेल्या पाण्याला आपल्या जागेबरोबर भोवतालचा पाइपही तापवावा लागतो, म्हणून गरमपणाची "सीमा" पाण्याच्या वेगानं पुढे सरकत नाही. ती सरकते पाण्याच्या वेगाला दीडनं भागून. ८१ गुणिले दीड, १२२ सेकंद. तुमच्या मोजमापात १८ आणि ५३ यांचा मध्य, म्हणजे साधारण ३५ अंश, कधी आला? दोन मिनिटं नि काही सेकंदांनी. थर्मामीटर स्वतः दोन-तीन सेकंद मागे असतो ते सोडून द्या.

आता दुसरा प्रश्न, माझ्या मते तुमच्या तिघांतला सगळ्यात सुंदर.

पंगत डोळ्यांसमोर आणा. बावीस पानं मांडलीत, सगळी रिकामी. पहिला वाढपी जिलब्यांचं ताट घेऊन निघतो आणि पहिल्या काही पानांतच त्याचं ताट संपतं. तरी तो चालत शेवटच्या पानापर्यंत जातोच, रिकामं ताट घेऊन. दुसऱ्याला पहिली पानं थोडीफार भरलेली मिळतात, म्हणून तो जरा पुढपर्यंत वाढू शकतो. तिसरा आणखी पुढे. शेवटच्या पानावर भरलेलं ताट पोचायला बरेच वाढपी लागतात, आणि मधल्या काळात तिथे कधी एक, कधी दोन, कधी पाच जिलब्या असलेली ताटं पोचत राहतात. तुमच्या नळाला ८१व्या सेकंदाला जे पाणी आलं ते खरोखर टाकीतलंच होतं. रिकामं ताट घेऊन आलेला पहिला वाढपी.

किती रिकामं, तेही काढता येतं. तुमच्या नळीत रेनॉल्ड्स आकडा (प्रवाह संथ की खळबळता, हे सांगणारा) गार पाण्याला सहा हजारांच्या जवळ, गरमला साडेअकरा हजार. प्रवाह खळबळता आहे, संथ नाही. डिटस आणि बोल्टर यांचं १९३०चं बर्कलेमधलं सूत्र लावलं (या रेनॉल्ड्सला ते जरा ओढूनताणून लागतं, पण अंदाजाला पुरे) तर पाण्यातून भिंतीत उष्णता जाण्याचा दर चौरस मीटरला, अंशामागे सुमारे १७०० वॅट निघतो. त्यावरून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, पाइपाची भिंत तापायला लागणारा काळ, म्हणजे टाइम कॉन्स्टंट (तेवढ्या वेळात तापमानाचा फरक साधारण एक-तृतीयांशावर येतो), साडेसहा सेकंद. दुसरी, २२ मीटरची देवाणघेवाण मोजणारा आकडा, ज्याला आमच्या धंद्यात एनटीयू म्हणतात, तो सहाच्या जरा वर. सगळ्यात पुढच्या पाण्याकडे उरणारी ऊब म्हणजे ई चा उणे सहावा घात, हजारात दोन. तुमच्या ३७ अंशांच्या फरकातून त्याच्याकडे एक दशांश अंशसुद्धा उरत नाही. म्हणून १८ ते १८च.

मध्याच्या मागेपुढे पसारा किती? त्याचंही उत्तर याच दोन आकड्यांत आहे: एनटीयूच्या दुपटीचं वर्गमूळ, गुणिले साडेसहा सेकंद. येतात तेवीस. म्हणजे ९९व्या सेकंदाच्या आसपास सहावा हिस्सा चढलेला आणि १४५व्याला पाच षष्ठांश. तुमच्या रीडिंगांशी ताडून बघा. नात हुशार आहे, वेळ बरोबर ओरडली.

हे गणित शूमन यांनी १९२९ मध्ये सोडवलंय, पण नळासाठी नाही. त्यांच्यासमोर होता सच्छिद्र पदार्थातून, दगडगोट्यांच्या थरातून वाहणारा द्रव. गोटे काय, पाइपाची भिंत काय, समीकरण तेच.

कुणी म्हणेल की गरम आणि गार पाणी वाटेत एकमेकांत मिसळतं म्हणून सीमा पसरते. मिसळतं, पण भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांच्या १९५४च्या हिशेबानं तुमच्या पाइपात त्यामुळे दोनच सेकंदांचा पसारा येतो. रेनॉल्ड्स एवढा कमी असताना थोडा जास्त धरा, चार-पाच. बाकीचा सगळा पसारा पोलादाचा.

आणि टाकीत ५५ असून नळाला ५३ का, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. उघड्या पाइपातून डक्टमधल्या हवेला सातशेच्या आसपास वॅट जातात. मिनिटाला सहा लिटर पाण्याला ते दीड-दोन अंश गार करतात. बस.


टूलरूमवाला, पुणे

ताई, नमस्कार. चहा गार झाला माझा वाचता वाचता (त्याचाही काही टाइम कॉन्स्टंट असेलच). एक गोष्ट अजून लागत नाही. नळ बारीक सोडला तर पाण्याला पाइप तापवायला जास्त वेळ मिळेल, मग वाया जाणारं पाणी कमी होईल की जास्त? आमच्या हिचं ठाम मत, बारीक सोडावा. माझं मत, काही फरक नाही. पैज लागलेली आहे.

आणि इन्सुलेशनचं राहिलं.


नळी_आणि_कवच, वडोदरा

पैज तुम्ही जिंकलात, पण घरी सांगताना जपून. पाइपाची भूक ज्यूलमध्ये ठरलेली आहे, ती भागवायला लागणारं गरम पाणीही ठरलेलं. सहा लिटरच्या वेगानं काय, चारच्या वेगानं काय, बारा-तेरा लिटर जाणारच. फार बारीक सोडलात तर उलट तोटा, कारण तितका जास्त वेळ पाइप हवेला उष्णता देत बसतो. शिवाय मिनिटाला लिटर-दोन लिटरवर आलात की प्रवाह संथ होतो, मधली धार सरासरीच्या दुप्पट वेगानं धावते, कडेचं पाणी रेंगाळतं, आणि माझी वरची सोपी आकडेमोड लागू राहत नाही.

इन्सुलेशन. सही करायच्या आधी हे वाचा.

सकाळी गरम पाणी लवकर येईल, हे चूक आहे. नळ बंद केल्यावर तुमचा उघडा पाइप पाण्यासकट गार होतो त्याचा टाइम कॉन्स्टंट पाऊण तासाच्या आसपास. त्यावर ९ मिलिमीटर जाडीचा नायट्राइल फोम चढवला तर तो दोन तासांच्या जवळ जातो. पण रात्रीचे दहा तास म्हणजे दोन तासांचे पाच हप्ते. पाच हप्त्यांनंतर शंभरातला एकही भाग उरत नाही. गुंडाळलेला असो वा उघडा, पहाटे साडेपाचला दोन्ही पाइप गारच. त्यानंतर पोलाद तापवायचं ते तापवायचंच, आणि त्या दीड-दोन मिनिटांत फोमचा काहीही संबंध येत नाही.

फायदा होतो तो दुसऱ्या आंघोळीला. पहिल्यानंतर पंधरा मिनिटांनी कुणी नळ सोडला तर उघड्या पाइपात ४३ अंशांच्या आसपास पाणी असेल, गुंडाळलेल्यात ४९. तासाभरानं फरक आणखी मोठा. घरात चार माणसं असतील आणि सकाळी सहा ते आठ पाळीपाळीनं न्हात असतील तर फोमला अर्थ आहे. दोघंच असाल आणि पाठोपाठ न्हात असाल, तर जवळजवळ नाही. वाहत्या पाण्यात मिळणारा लाभ अंशभराचा.


सोलर_फिटर, सांगली

ताईंनी गणित सांगितलं, मी पान्याची भाषा सांगतो. अठरा वर्षं हेच काम करतोय.

पाऊण इंची सगळीकडे टाकायची सवय आहे आपल्याकडे. कारण गिऱ्हाईक म्हणतं प्रेशर कमी येतंय. पण प्रेशरचा त्रास टाकीच्या लगेच खालच्या मजल्याला. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, टाकीपासून सात-आठ मीटर खाली. तुमची धार अडवतो नळ, पाइप नाही. तुमच्या एकट्याच्या लाइनला अर्धा इंच चालला असता. चौथ्या मजल्याला मात्र नाही चालणार, तिथे पाऊण इंचच ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीच्या दारात मोर्चा. आणि बोअरचं क्षारवालं पाणी असेल तर अर्धा इंची जीआय काही वर्षांत आतून एवढीशी होते. त्या ठिकाणी मी सरळ सीपीव्हीसी टाकतो, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप.

हॉटेलवाले काय करतात, रिटर्न लाइन टाकून छोटा पंप लावतात. पाणी फिरत राहतं, नळ सोडला की लगेच गरम. पण चोवीस तास पंप फिरला तर सोलरची कमाई सगळी डक्टला वाटून टाकाल. टायमर लावून पहाटे अर्धा तास फिरवा. तिथे मात्र इन्सुलेशन पाहिजेच, दोन्ही पाइपांना.


नळी_आणि_कवच, वडोदरा

सोलरदादांचं अर्ध्या इंचाचं म्हणणं आकड्यांत घातलं. २२ मीटर अर्धा इंची जीआयमध्ये साडेचार लिटर पाणी. बारीक नळीत पाण्याच्या मानानं पोलाद जास्त, त्यामुळे गुणक दीडवरून १.७ वर जातो. तरी एकूण साडेसात-पावणेआठ लिटर, म्हणजे सहा लिटरच्या धारेला सव्वा मिनिट. पोलाद तुलनेनं वाढूनही वेळ आणि पाणी दोन्ही वाचतात.

सीपीव्हीसीची गंमत वेगळी आहे. पाऊण इंची घेतली तर आतला व्यास साधारण १८ मिलिमीटर, आणि भिंतीची भूक पाण्याच्या फक्त सतरा टक्के. पण प्लास्टिक उष्णता आत शिरू देत नाही पटकन. पोलादाची भिंत आतून बाहेरपर्यंत जवळजवळ एकाच तापमानाला असते. प्लास्टिकचा आतला थर तापतो आणि बाहेरचा अजून झोपलेला असतो, दोन मिलिमीटर पार व्हायला पंधरा-वीस सेकंद जातात. म्हणून माझा अंदाज असा की पोकळीच्या हिशेबाची वेळ झाली की पाणी एकदम कोमट येईल, वाट न बघायला लावता. मग मात्र शेवटचे दहा-पंधरा अंश चढायला रेंगाळेल. जीआयमध्ये आधी बराच वेळ काहीच नाही आणि नंतर चढ. इथे आधी उडी, नंतर रेंगाळणं. कुणाकडे असेल तर मोजून सांगा, मी प्रत्यक्ष मोजलेलं नाही.


दूध_७२, कोल्हापूर

विषयांतर नाही, विषयाच्या शेजारचं. डेअरीत पाश्चरायझरवर आहे. आमच्याकडे दूध ७२ अंशांवर १५ सेकंद धरायचं असतं, त्यासाठी होल्डिंग ट्यूब असते. नवीन पोरं विचारतात, प्लांट सुरू करताना आधी गरम पाणी का फिरवत बसायचं, सरळ दूध सोडू या की. त्यांना आता ही पंगत सांगणार. ट्यूब स्टेनलेस स्टीलची, सकाळी गार. पहिलं दूध तिच्यात ऊब देऊन बसेल आणि शेवटाला ७२ च्या खाली येईल. म्हणून तापमानाचा सेन्सर ट्यूबच्या शेवटाला असतो, आणि त्याला ७२ दिसलं नाही तर झडप दूध पुढे न पाठवता मागे वळवते. आधी पाणी फिरवून सगळं पोलाद तृप्त करायचं, मग दूध.

आणि ताईंनी मधल्या धारेचं लिहिलं ना, संथ प्रवाहात दुप्पट वेगाची, ते आमच्याकडे जीवावरचं आहे. सरासरी १५ सेकंद धरून चालत नाही, सगळ्यात घाईतला थेंबसुद्धा १५ सेकंद आत राहिला पाहिजे. म्हणून ट्यूबची लांबी त्या थेंबाच्या वेगावरून ठरते.


टूलरूमवाला, पुणे

आठवडाभर गप्प होतो कारण मोजत होतो.

पहिलं, पंधरा मिनिटांचा प्रयोग. आंघोळ झाल्यावर नळ बंद, पंधरा मिनिटांनी पुन्हा सोडला. सुरुवातीच्या लिटरला ४१ अंश. ताई, तुम्ही ४३ म्हणालात. डक्टमध्ये पहाटे वारा असतो, दोन अंश त्याच्या नावावर टाकतो.

दुसरं, नळ अर्धा सोडून. मिनिटाला तीन लिटर. ४० अंश यायला साडेचार मिनिटांच्या जवळ लागले, पाणी गेलं साडेतेरा लिटर. पूर्ण सोडल्यावर तेरा-सव्वातेरा. पैज जिंकली, पण घरात जाहीर केलेली नाही.

तिसरं, खास ताईंसाठी. बी विंगमध्ये एका कुटुंबानं दोन वर्षांपूर्वी नूतनीकरण करताना सीपीव्हीसी टाकलंय, पाऊण इंची, १९ मीटर. त्यांना पहाटे उठवायची हिंमत लागली, पण उठले बिचारे. धार सहा लिटरच. पोकळीचा हिशेब ४९ सेकंद. ५०व्या सेकंदापर्यंत काही नाही, ५५व्याला एकदम ३४! नात दचकली. ७०व्या सेकंदाला ४५, आणि मग जे रेंगाळलं ते १०० सेकंदांना ५१. दोन्ही विंगांचे आलेख एकाच कागदावर काढले. आमचा आळसावलेल्या एस सारखा, त्यांचा पायरी चढून मग घाट चढल्यासारखा.

काल कमिटीत ठराव बदलून घेतला. मूळ वाक्य होतं "सकाळी गरम पाणी त्वरित मिळावे म्हणून". ते काढलं. चार किंवा जास्त माणसं असलेल्या घरांनी हवं तर आपापल्या लाइनला फोम घालावा, आणि ज्यांचा जीआय पाइप गंजून बदलायला येईल त्यांनी चौथा मजला सोडून अर्धा इंची सीपीव्हीसी टाकावा. एका सभासदानं विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्हटलं, वाढप्यांनी.

पहाटेच्या त्या तेरा लिटरसाठी आता न्हाणीत मोठं पिंप ठेवलंय. फरशी पुसायला त्यातलं घेतात. चिपळूणकर, तुमचा एअर व्हेंट नाही बसवला, राग मानू नका.


चिपळूणकर_आठल्ये_नव्हे, चिपळूण

राग कसला काका. आमच्याकडे मात्र खरंच एअर लॉकच होता!